आजी, अंगण आणि कच्चा माल

शनिवारची सकाळ म्हणजे साडेदहापर्यंत ताणून देण्याची हक्काची वेळ. पण गेले दोन महिने मी शनिवारी सातला उठतोय, आणि हे कळल्यापासून आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांनी 'कोण आहे रे ती?' असं विचारून झालंय. आहे एक. आज असती तर नव्व्याण्णव वर्षांची असती.

सांगतो. पुढच्या वर्षी आमच्या आजीची, म्हणजे बाबांच्या आईची, जन्मशताब्दी. आमचा चुलत-आते भावंडांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर गुड मॉर्निंगची फुलं आणि बीपीचे उपाय यापलीकडे काही हलत नाही. तिथे कुणीतरी टूम काढली की आजीवर एक छोटंसं पुस्तक करू या. तिच्या रेसिपीज, आठवणी, फोटो. सगळ्यांनी धडाधड अंगठे दाखवले आणि फोटो जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का? तर 'तू कम्प्युटरमधला ना!'

फोटो जमवायला बसलो आणि लक्षात आलं, आजीचा फोटोच नाहीये. म्हणजे आजी आहे हो बऱ्याच फोटोंत. पण कुठे कुणाच्या मागे अर्धा पदर, कुठे वाढतानाचा हात, कुठे पाठमोरी. कॅमेरा निघाला की तिला चुलीवरचं दूध आठवायचं. समोरून, नीट बसलेली, असा फोटो एकच. मे १९८८, चिपळूणजवळच्या गावातलं आमचं जुनं घर. आजी माजघराच्या दारात उंबऱ्याला टेकून बसलीये आणि मागे रणरणतं अंगण. बाबांची याशिका, कोनिकाचा रोल. फोटोत अंगण झक्कास आलंय. तुळशीवृंदावन, वाळत घातलेली आमसुलं, सगळं. आणि आजीच्या जागी? काळा ठोकळा. नाक कुठे, डोळे कुठे, पत्ता नाही.

'चूक माझी. फ्लॅश मारायला हवा होता,' हे वाक्य बाबा पस्तीसहून जास्त वर्षं बोलतायत. पुन्हा काढायचा प्रश्नच आला नाही, कारण त्याच पावसाळ्यात आजी गेली.

पण फोटो काळा म्हणजे निगेटिव्हही गेलेली, असं थोडंच आहे? ट्रंकेतल्या बटर पेपरच्या पाकिटांतून ती पट्टी शोधून काढली, खिडकीशी धरली. आजीची जागा अगदी पातळ, जवळजवळ पारदर्शक. पण पूर्ण कोरी नव्हती. काहीतरी होतं तिथे.

मग मी तेच केलं, जे आपण सगळे करतो. एका दुकानात पट्टी देऊन 'स्कॅन करून द्या' म्हटलं. दोन दिवसांनी पेन ड्राइव्हवर जेपेग मिळाले. अंगण आणखी झक्कास, रंग एकदम सिनेमास्कोप. आजी? काळा ठोकळा.

ऑफिसात कुरकुर केली, तेव्हा आमच्या एका सीनियरने (सगळे त्याला दादाच म्हणतात) कपाटाच्या वरच्या खणातून आपला निकॉन कूलस्कॅन फाइव्ह काढून दिला. कंपनीने हे स्कॅनर बनवणं कधीचंच बंद केलंय, त्याचं मूळ सॉफ्टवेअर आजच्या कम्प्युटरवर धड चालत नाही. पण व्ह्यूस्कॅन नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, एड हॅमरिक या गृहस्थांनी १९९८ मध्ये बाजारात आणलेलं. ते असल्या निवृत्त यंत्रांना अजून कामाला लावतं. दादा म्हणाला, 'घेऊन जा. फक्त ऑटोवर ठेवू नकोस.'

मी अर्थातच आधी ऑटोवर ठेवला. ठोकळा. मग म्हटलं, चेहरा काळा येतोय ना, मग लाइट वाढवू या. एक्स्पोजर एक स्टॉप वर नेला. चेहरा सुधारायच्या ऐवजी हिरवट-निळा, सपाट झाला. होतं नव्हतं तेही गेलं! दीड स्टॉप करून पाहिला. आजी आता शेवाळलेल्या दगडासारखी दिसायला लागली. रात्रीचे अडीच वाजले होते. मी लॅपटॉप मिटला आणि स्वतःवरच चिडून झोपलो.

सकाळी दादाला फोन. तो हसला आणि म्हणाला, 'अरे बाबा, निगेटिव्ह आहे ती. उलटा विचार कर.'

आता हा उलटा विचार जरा नीट समजून घेऊ, कारण सगळी गंमत त्यातच आहे. निगेटिव्हमध्ये ऊन पडलेली जागा दाट, काळपट असते आणि सावलीतली जागा पातळ. स्कॅनर फिल्मच्या एका बाजूने उजेड टाकतो आणि दुसऱ्या बाजूने किती पोचला ते मोजतो. म्हणजे सगळ्यात जास्त उजेड कुठून येणार? सावलीतून. आमच्या केसमध्ये, आजीच्या चेहऱ्यातून. स्कॅनरचा सेन्सर म्हणजे नळाखाली लावलेली कळशी समजा. कळशी भरेपर्यंत किती पाणी आलं ते सांगता येतं. भरून वाहायला लागली की मग किती सांडलं, काही कळत नाही. मी लाइट वाढवला तेव्हा अंगणाची कळशी जरा वर आली, पण चेहऱ्याच्या कळश्या सगळ्या काठोकाठ भरून वाहिल्या. डोळा, गाल, कपाळ, सगळ्यांचा आकडा एकच. सॉफ्टवेअरने तो उलटा केला की उरतो ठोकळा.

आणि हिरवट-निळं का? रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते ना, त्यामुळे. तो नारिंगी रंग फिल्म जुनी झाल्याचा नव्हे, मुद्दाम घातलेला असतो. फिल्ममधले रंग शंभर टक्के शुद्ध नसतात. निळसर रंगद्रव्य थोडा हिरवा आणि निळा उजेडही अडवतं, जांभळट रंगद्रव्य थोडा निळा. ही लबाडी सगळीकडे सारखी व्हावी आणि छापताना एका झटक्यात काढून टाकता यावी, म्हणून १९४० च्या दशकात कोडॅकमध्ये ही नारिंगी झाकण्याची युक्ती निघाली. कागदावर छापायला मस्त. स्कॅनरला मात्र डोकेदुखी, कारण नारिंगीतून लाल उजेड सुसाट जातो आणि निळा अडकून पडतो. एक्स्पोजर वाढवला की आधी लालची कळशी वाहते. उलटवल्यावर सावलीतला लाल रंग गायब, आणि आजी शेवाळी.

आता ते जुने काळे प्रिंट आणि दुकानातले जेपेग आठवा. १९८८ मधल्या लॅबच्या मशीनने बघितलं, निगेटिव्हचा बहुतेक भाग दाट आहे, म्हणून कागदावर जास्त उजेड सोडला. अंगण छान छापलं गेलं, पातळ भागाखालचा कागद जळून काळा झाला. दुकानातल्या मशीननेही सरासरी काढली, कॉन्ट्रास्ट चढवला आणि सावलीतलं सगळं शून्यावर आपटलं. ग्राहकाला चकचकीत फोटो आवडतो, हे मशीनला शिकवलेलं. त्या दोघांचा उद्देश वाईट नव्हता. फक्त आजी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

तर करायचं काय? दादाने फोनवर सांगितलं ते सांगतो. मी नंतर दोन-तीन रोलवर घासून पाहिलंय.

पहिली गोष्ट, एक्स्पोजर ठरवताना फोटोकडे बघायचंच नाही. फिल्मवरची कोरी जागा शोधायची, दोन फ्रेमच्या मधली पट्टी किंवा रोलच्या टोकाचा डेव्हलप झालेला पण उजेड न लागलेला तुकडा. कारण या रोलवर याहून पातळ जागा असूच शकत नाही. इथली कळशी काठाच्या जरा खाली राहिली, की रोलवरचं काहीही वाहून जाणार नाही. व्ह्यूस्कॅनमध्ये प्रीव्ह्यू घ्यायचा, क्रॉपची चौकट त्या कोऱ्या पट्टीवर आणायची आणि 'लॉक एक्स्पोजर'वर टिकमार्क करायचा. पुन्हा प्रीव्ह्यू, आणि मग 'लॉक फिल्म बेस कलर'. झालं. आता त्या रोलच्या सगळ्या फ्रेम याच मापाने मोजल्या जातील. एक फ्रेम पिवळी आणि शेजारची निळी, हा प्रकार बंद.

कूलस्कॅनचं इथे एक सुख आहे. त्याच्यात पांढरा दिवा नाही. लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे एलईडी आहेत. त्यामुळे निळ्याला जास्त वेळ आणि लालला कमी वेळ, असं प्रत्यक्ष उजेडाच्या पातळीवरच करता येतं. नारिंगीची डोकेदुखी उगमापाशीच मिटते. नुसते स्लायडर सरकवून मागाहून निळा वाढवला, तर रंगाबरोबर कचराही वाढतो.

दुसरी गोष्ट, कच्चा माल मागायचा. स्कॅनरने मोजलेले आकडे जसेच्या तसे. उलटे न केलेले, कर्व्ह न लावलेले, शार्प न केलेले. आपण दुकानातून आणतो ती भाजलेली पोळी असते. जेपेग म्हणजे वर तूप लावून घडी घातलेली. तिचं पुन्हा पीठ होत नाही. व्ह्यूस्कॅनच्या प्रोफेशनल एडिशनमध्ये आउटपुट टॅबवर 'रॉ फाइल'चा पर्याय आहे. तिथे ४८ बिट म्हणजे लाल-हिरवा-निळा प्रत्येकी १६ बिट. ६४ बिट म्हणजे त्यात इन्फ्रारेडचा चौथा चॅनेल. सिल्व्हरफास्ट वापरत असाल तर तिथे याच मालाला ४८ बिट एचडीआर आणि ६४ बिट एचडीआरआय म्हणतात. मोबाइलमधल्या एचडीआरशी त्याचा काही संबंध नाही, उगाच घोळ. एप्सनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये खरा रॉ मिळत नाही, पण कॉन्फिगरेशनमध्ये 'नो कलर करेक्शन' निवडून, निगेटिव्हला पॉझिटिव्ह म्हणून ४८ बिट टिफमध्ये स्कॅन केलं तर त्याच्या जवळपास जाता येतं.

पहिल्यांदा रॉ फाइल उघडलीत की दचकू नका. उकडलेल्या भोपळ्यासारखं नारिंगी, अंधारं, मळकट काहीतरी दिसेल. मला वाटलं स्कॅनर गेला. पण आपल्या डोळ्यांना सुखावणारा गॅमा अजून लावलेला नसतो, म्हणून अंधार. आणि उलटवलेलं नसतं, म्हणून भोपळा.

बिट-बिट काय करतोयस, असं म्हणाल, तर एक छोटासा हिशोब. दाट जागेतून कोऱ्या जागेच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतका उजेड येतो असं धरा. कच्चा माल ८ बिटमध्ये ठेवला तर कोऱ्या जागेला २५५ आणि ऊन पडलेल्या अंगणाला दोन-अडीच. दोन पायऱ्यांत काय अंगण दिसणार? या कूलस्कॅनचं मोजमाप १४ बिटचं आहे, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. त्यात अंगणाला दीडशेच्या वर मिळतात. आणि आजीचा चेहरा पातळ भागात, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त पायऱ्या आहेत तिथे. हजारोंनी. ज्या चेहऱ्याला प्रत्येक मशीनने शून्यात ढकललं, त्याच्याकडेच सगळ्यात जास्त माहिती पडून होती! हे कळलं तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली.

पण हे भगताचं पाणी नव्हे, हेही सांगून टाकतो. कॅमेऱ्याने फिल्मवर उजेड टाकलाच नसेल, तर कुठलाही रॉ तो उगवून देणार नाही. आमच्या फोटोत पाठीमागच्या माजघराचा कोपरा कायमचा गेलाय. चेहऱ्यावरही ग्रेन आहे, चांगला जाडाभरडा. रात्री चार वेळा स्कॅन करून सरासरी काढल्याने स्कॅनरची खरखर जाते, फिल्मची स्वतःची जात नाही.

इन्फ्रारेडचं मात्र कौतुक करायला हवं. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं इन्फ्रारेड उजेड आरपार सोडतात, धूळ आणि ओरखडे अडवतात. म्हणजे चौथ्या चॅनेलमध्ये फक्त घाणीचा नकाशा मिळतो, आणि सॉफ्टवेअर तेवढंच पुसतं. तो चॅनेल रॉमध्ये ठेवला की सफाई किती करायची ते नंतर ठरवता येतं. मी आधी 'हेवी' केली तर आजीच्या पदराची वीणही पुसली गेली, 'लाइट'वर आलो. पण एक खबरदारी. आजोबांच्या काळातले कृष्णधवल निगेटिव्ह असतील तर हे बंद ठेवा. तिथे चित्र चांदीच्या कणांचं असतं, चांदी इन्फ्रारेडही अडवते, आणि सॉफ्टवेअर सगळ्या आजोबांनाच धूळ समजतं.

घरात स्लाइड्स असतील तर वरचा सगळा उलटा विचार पुन्हा सरळ करायचा. तिथे पातळ जागा म्हणजे ऊन, ढग, पांढरं शर्ट. ते वाहू नयेत इतपत एक्स्पोजर, आणि गडद सावल्यांसाठी जोडीला एक लांब एक्स्पोजर देणारं मल्टी-एक्स्पोजर. निगेटिव्हला त्याची क्वचितच गरज पडते.

स्कॅनरच नाही? तुमच्याकडे कॅमेरा तर असेल. लडाखनंतर पिशवीतून बाहेर न आलेला. मॅक्रो लेन्स, खाली चांगल्या प्रतीचं एलईडी पॅनेल, निगेटिव्ह सपाट धरायला एखादा होल्डर. नियम तेच. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स पक्का, फॉरमॅट रॉ. कोऱ्या पट्टीवर मोजून शटर स्पीड एकदा ठरवायचा आणि पूर्ण रोल त्यावरच काढायचा. फिल्मच्या बाजूने येणारा पॅनेलचा उघडा उजेड काळ्या कागदाने झाका, नाहीतर कॉन्ट्रास्टचं वाटोळं. एका संध्याकाळी तीन रोल होतात. कूलस्कॅनवर मला एका रोलला दोन शनिवार लागतात, पण इन्फ्रारेडची सफाई कॅमेऱ्याला जमत नाही. ज्याची त्याची पसंती.

आणि दुकानातच द्यायचं असेल तर निदान तोंड उघडून मागा. 'ऑटो करेक्शन बंद, १६ बिट टिफ, उलटं न करता.' काउंटरवरचा मुलगा तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

जागेचं काय, हा प्रश्न येणारच. ४००० डीपीआयला एक पस्तीस एमएमची फ्रेम ४८ बिटमध्ये साधारण १२८ एमबी होते, इन्फ्रारेडसकट १७० एमबी. छत्तीस फ्रेमचा रोल म्हणजे सहा जीबी. आपण एका वेब सिरीजच्या सीझनला याहून जास्त देतो. मी दोन हार्ड डिस्कवर ठेवतो, एक माझ्याकडे पुण्यात आणि एक ताईकडे नाशिकला. निगेटिव्ह फेकायच्या नाहीत, पण त्यांच्या भरवशावरही राहायचं नाही. कोकणातला पाऊस आणि फिल्मवरचं जिलेटिन यांचं नातं बुरशीला फार मानवतं. आमच्या ट्रंकेतल्या दोन पट्ट्यांवर जाळं पसरलंय, आणि त्यात आजोबांच्या साठीचा अर्धा कार्यक्रम गेलाय. सिलिका जेलच्या पुड्या घाला आज.

त्या शनिवारी मी लॉक केलेल्या एक्स्पोजरवर फ्रेम नंबर २२ पुन्हा घेतली. भोपळा आला. स्कॅनर बंद केला, व्ह्यूस्कॅनमध्ये इनपुटला स्कॅनरऐवजी ती फाइलच दिली आणि निवांत बसून उलटवलं. ब्लॅक पॉइंट शून्यावर ठेवला, सावल्यांचा कर्व्ह हळूहळू वर उचलला. अंगण थोडं फिकट झालं, होऊ दे. काळ्या ठोकळ्यात आधी कपाळ आलं. मग कुंकू. मग हसू. ती कॅमेऱ्याकडे बघून हसतेय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

रविवारी आठ बाय दहाचा प्रिंट घेऊन घरी गेलो. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो अगदी नाकाशी धरला. बराच वेळ. मी वाट बघत होतो, आता फ्लॅशचं काहीतरी बोलतील.

'कानात कुड्या आहेत,' ते म्हणाले.

'मग?'

'कुड्या तिने तुझ्या आत्याला दिल्या होत्या ना, लग्नात? मग अजून कशा?'

'अहो, सासूबाईंनी दिल्या त्या बांगड्या,' आई स्वयंपाकघरातून म्हणाली. 'कुड्या शेवटपर्यंत कानातच होत्या त्यांच्या.'

'काहीतरीच काय! मी स्वतः बघितल्यात.'

'तुम्ही काय बघितलंत? तुम्ही रोल संपवत होतात.'

शेवटी आत्याला फोन लागला, स्पीकरवर. अर्धा तास चालला. बाबांनी फोन ठेवला तो वाद न मिटताच, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, 'त्या रोलवर लग्नाचेही चार-पाच असतील. तेही काळेच आले होते सगळे. तुझ्या त्या मशीनमध्ये घाल बरं.'